पानावरचा अंगठा

मावशीला दिसत नाही. तिच्या कादंबऱ्या मी स्कॅन करतो आणि कॉम्प्युटर त्यातला मजकूर ओळखून तिला वाचून दाखवतो. आज नायिका विष पिणार, इतक्यात तो त्याच गोड आवाजात म्हणाला, "पानावरचा अंगठा काढा."

कादंबरीत असलं वाक्य नव्हतं. पण पुस्तक दाबून धरताना माझा अंगठा खरंच पानावर आला होता.

"तुला नको तिथे बोटं घालायची खोडच आहे," मावशी म्हणाली.

मी स्कॅनरच्या झाकणावर उशी ठेवली, बटण दाबलं आणि दोन्ही हात खिशात घातले.

"आभारी आहे," कॉम्प्युटर म्हणाला. "आता त्यांनाही काढायला सांगा."

खोलीत आम्ही दोघंच होतो.

मावशी माझ्या पाठीमागे तोंड करून वैतागून म्हणाली, "काढा की हो. कधीची पेला घेऊन उभी आहे ती बिचारी."