ढिल्या दोरीचा झटका

जरा जवळ सरका. पाद्रीबाबा अजून गरम पाण्याने घसा शेकत बसलेत, प्रवचन सुरू होऊन रंगात गाण्यावर यायला वेळ आहे. तोवर एका होडीतल्या तिघांची गोष्ट ऐका.

ल्यूशसने झटका मारला आणि काठी हलकी होऊन मागे आली. मासा नव्हताच. पाण्यातून वर आला तो नुसता जिग, मासा फसवायचं खोटं आमिष. शिशाचं डोकं, रबरी झालर, आत लपलेला जाड गळ, सगळं सोडलं होतं तसंच.

“गाढवा,” पुढच्या खुर्चीवरून त्याचे वडील म्हणाले. वळूनही न पाहता. क्लिओफस टॉलिव्हर त्यांचं नाव, चर्चचे डीकन, म्हणजे कारभारी. गंटर्सव्हिलच्या तळ्यावर बास मासे धरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. “माशाने दोरीला टक् केलं की दचकतोस. दोरी ढिली, आणि तू ओढतोस. पाद्री सूर चढवत असतात तेव्हा मध्येच आमेन म्हणतोस का? ते श्वास घेतात, मग म्हणतोस ना? तसंच हे. काठी खाली कर. ढील गुंडाळून घे. त्याचं वजन हाताला लागू दे. मग दे झटका, खांद्यापासून.”

ल्यूशस हे लहानपणापासून ऐकत आला होता. मासा गेल्याचं त्याला काही नव्हतं. बोलणं होझियासमोर झालं, हे झोंबलं.

होझिया म्हणजे बहिणीचा नवरा. आईबापाविना मावशीकडे वाढलेला, चॅटनूगा शहरातला पोरगा. लग्न होईपर्यंत त्याने काठी हातात धरली नव्हती. आणि आता त्याचा झटका बघत राहावा असा. टोक जरासं झुकायचं, रीळ फिरायचं, क्षणभर सगळं थांबायचं, आणि मग काठी कमानीसारखी वाकायची. की डीकन लगेच म्हणायचे, “वा, ब्रदर होझिया. फार छान केलंत.”

फार छान केलंत. ल्यूशसचे केस कानांवर पिकायला लागले होते, पण हे शब्द त्याच्या वाट्याला कधी आले नव्हते. खायची वेळ झाली तेव्हा डीकननी स्वतःच्या हाताने कागद सोडून होझियाला सँडविच दिलं. ल्यूशसला म्हणाले, डब्यात आहे, घे तुझं तू. तो खाताना होझियाच्या काठीकडे बघत राहिला आणि स्वतःच्या दोरीचं आणखी एक टक् त्याला कळलंच नाही.

एरवी त्याने सोसलं असतं. पण पुढच्या शनिवारी चर्चच्या पुरुषमंडळींची मासेमारीची स्पर्धा होती. एका होडीत दोघेच. डीकनबरोबर आजवर त्यांचे एक जुने मित्र बसायचे. यंदा त्यांचे गुडघे गेले. ती जागा रिकामी होती, आणि ल्यूशसला मिशी फुटल्यापासून ती हवी होती. कोणाला न्यायचं ते आज सांगतो, असं वडील सकाळीच म्हणाले होते.

ऊन डोक्यावर आलं. पाणगवताच्या कडेला होझियाची दोरी एकदम बाजूला सरकली. तिघांनीही पाहिलं. आणि होझियाने आहे तशी, ढिली असतानाच, काठी उपसली. हलकी. पाणी खळबळलं, एक पांढरं पोट वळताना दिसलं आणि खाली गेलं. एवढा मोठा बास त्या दिवशी कुणाच्याच गळाशी आला नव्हता.

ल्यूशसच्या मनात आनंदाची उकळी फुटली. श्रद्धाळू माणूस, त्याने लगेच देवाची क्षमा मागितली. पण आनंद काही जाईना. बोला आता, तो मनात म्हणाला. बोला की यालाही.

डीकननी टोपी काढून डोकं खाजवलं. “होतं असं, ब्रदर होझिया. मनाला लावून घेऊ नका.”

बस्स. एवढंच.

होडी काठाला लागली. डीकन गाडी आणायला निघाले, आणि जाता जाता पाठमोरेच म्हणाले की शनिवारी ब्रदर होझियांना नेतो, ल्यूशस काय घरचाच आहे, कुठल्याही होडीत बसेल.

दोघे गुडघाभर पाण्यात होडी धरून उभे राहिले. ल्यूशसला राहवलं नाही.

“नशीबवान आहेस बाबा. एवढं धूड घालवलंस, तरी रागाचा चकार शब्द नाही.”

होझियाने होडीच्या कडेवरचं गवत काढून टाकलं. मग म्हणाला, “मुद्दाम घालवलं.”

ल्यूशस भडकला. माझ्यासाठी कुणी मासा सोडायची गरज नाही, तुझी दया तुझ्यापाशी ठेव, असं बरंच काही बोलला. 

“तुझ्यासाठी नव्हे रे,” होझिया म्हणाला. “दोरी ढिली आहे हे मला समजत होतं. वजन लागलं नव्हतं. तरी ओढलं. इतकी वर्षं तुमच्या घरात जेवतोय, पण मी अजून पाहुणाच. म्हटलं, निदान आज तरी मला गाढव म्हणतील.”

रात्री प्रार्थनेला गुडघे टेकाल तेव्हा या होझियाची आठवण ठेवा.