लिंबाची सावली

कारंजं कुठं करायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं. बाकी सगळं बिनबोभाट पार पडलं होतं. घसरगुंडी देवळाच्या अंगाला, म्हाताऱ्यांची बाकडी भिंतीकडेला, गुलाबाचे वाफे फाटकापाशी. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यांपायी ही बैठक दोनदा पुढं गेली होती, त्यामुळं नगराध्यक्ष दत्तरावांना आता घाई झाली होती. पिंगळीच्या रस्त्यालगतच्या त्या माळावर सतरंज्या टाकून त्यांनी सगळी वस्ती बसवली होती, आणि बाग तुमची, तुम्हीच सांगा, असं चार-चारदा म्हणत होते.

ओव्हरसिअरनं नकाशावर काठी टेकवली. "कारंजं मधोमध, इथं. तो कडुलिंब तेवढा काढावा लागेल. पाला पडला की नळ्या तुंबतात."

मागं बायकांत बसलेल्या बानूबाईनं लिंबाकडं पाहिलं.

त्या लिंबाखाली तिचं लेकरू होतं. बहात्तरच्या दुष्काळात राणीसावरगाव सोडून, चार शेळ्या हाकीत ती आणि तिचा नवरा भुजंग खडी फोडायला इथं आले, तेव्हा पोरगी तीन महिन्यांची होती. जुलाब लागले आणि दोन दिवसांत गेली. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, मीठ घालून पुरतात. पुरायला बापानं जायचं, मायनं झोपडीबाहेर पाऊल टाकायचं नाही. भुजंग एकटाच तिला फडक्यात गुंडाळून घेऊन गेला आणि दिवस कलल्यावर रिकाम्या हातानं परत आला.

"कुटं ठिवलं?" तिनं विचारलं होतं.

बाहेर ऊन नुसतं आग ओकत होतं, तो तिकडं बघत बसला. मग म्हणाला, "लिंबाखाली."

त्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून शेळ्या माळावर सोडायच्या आणि लिंबाच्या बुडाशी जाऊन बसायचं. पुढं दोन पोरं झाली, हाताशी आली, पण हिचं बसणं काही सुटलं नाही. लोक म्हणायचे, बाईला जागेचं वेड लागलंय. लागलं तर लागलं. ती तिथं भाकरी खायची, लुगड्याला टाके घालायची, कधी नुसतीच मातीवरून हात फिरवायची. भुजंग दुपारी तिला बोलवायला यायचा, पण सरळ कधी यायचा नाही. उगवतीच्या कोपऱ्यात नुसता उघडा मुरूम आणि कुसळं. तिथून आडवं यायचं सोडून हा गडी चांगला लांबचा वळसा घालायचा. "तितं काय वाघ बसलाय का?" ती चिडवायची. तो हसायचासुद्धा नाही.

"चला, कारंजं मधोमध. हात वर करा," दत्तराव म्हणाले.

हात वर व्हायला लागले. बानूबाई उठली. शेजारच्या केवळाबाईनं तिचा पदर ओढला, पण आता ती बसणारी नव्हती.

"लिंब काढू नका, मालक. माजं लेकरू हाय त्याच्याखाली."

वर गेलेले हात खाली आले. इतक्या वर्षांत तिनं हे कुणापाशी काढलं नव्हतं. "लय न्हाई मागत मी. तेवढं सोडून कुटंबी खांदा."

दत्तराव काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ओव्हरसिअरकडं पाहिलं. त्यानं नकाशा फिरवला, वितीनं अंतर मोजलं. "उगवतीच्या कोपऱ्यात बसवता येईल. तिथं तसंही काही नाही."

"मग तिथंच. कुणाची हरकत?"

पुरुषांच्या ओळीत भुजंग उभा राहिला. सगळ्यांनी तिकडं माना वळवल्या. बानूबाईनंही पाहिलं. ती पदरानं डोळे पुसत होती आणि त्यातच हसत होती. भुजंग तिच्याकडं बघत राहिला. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि खाली बसला. जन्मात कधी चार माणसांत बोलला नाही, आज काय बोलणार, असं तिला वाटलं.

नारळ तयारच होता. उगवतीच्या कोपऱ्यात फक्कीचा पांढरा गोल आखला, हळदीकुंकू वाहिलं. दत्तरावांनी नारळ फोडला आणि कुदळ बानूबाईच्या हातात दिली. "पहिला घाव तुमच्या हातचा. मानच आहे तुमचा."

एवढा मान तिला आजवर कुणी दिला नव्हता. तिनं पदर खोचला आणि कुदळ वर उचलली.

दांडा मागून कुणीतरी धरला. भुजंग होता. गोलाच्या रेघेबाहेर उभा राहून, वाकून, लांबूनच हात पुढं केलेला.

"तू नगं," तो म्हणाला.

लोक हसले. नवऱ्याला मान पाहिजे म्हणाले. बानूबाईही हसणार होती. मग तिचं लक्ष त्याच्या पायांकडं गेलं. पांढरी रेघ त्याच्या अंगठ्यापुढं टीचभर होती आणि काही केल्या तो ती ओलांडत नव्हता. तिला त्याचा तो रोजचा वळसा आठवला. तिनं कुदळ खाली घेतली.

"हितं हाय?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं मान डोलावली.

"मग मला लिंब का सांगितला तुमी?"

भुजंगानं कुदळ सोडली नाही. वरही पाहिलं नाही.

"तू रोज यिऊन बसशील, ठावं हुतं मला," तो म्हणाला. "हितं सावली न्हवती."