मखमली खोगीर

"ताई, नाकाला पदर लावा," सांडू म्हणाला आणि त्यानं घोडीच्या पाठीवरचं खोगीर उचललं.

पदर लावूनही वास आलाच. मानेमागच्या उंच हाडाला दोन्हीकडून रुपयाएवढ्या जखमा होत्या. पू वाहून केसांना चिकटला होता. माश्या उठल्या, घोंगावल्या आणि पुन्हा तिथंच बसल्या. तरी आवडाबाई जवळ सरकून वाकल्या. सोमवारचा उपास, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

"लई दिवसांचं हाय हे," सांडू हळूच म्हणाला.

खोगीर आवडाबाईंच्या एकुलत्या मुलानं, कारभारीनं, आणलं होतं. निजामावरच्या पोलिस ॲक्शननंतर कुण्या जागीरदाराचा तबेला मोडला, त्यातलं. जांभळी मखमल, वर चांदीच्या फुल्या. लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि गंगापूरच्या मांडवात त्याला ह्याच थाटात शिरायचं होतं. सोयरीक चुलत्यानं जमवलेली. नवरीचं काय, तिच्या घरच्यांचं तोंडही कारभारीनं अजून पाहिलं नव्हतं. त्यांच्या हर्सूलपासून शहर हाकेवर, तिथं खोगीरवाले पुष्कळ. तरी आवडाबाईंनी पाचोडच्या सांडूला बोलावणं धाडलं होतं. घोड्याची पाठ त्याच्याइतकी कुणाला कळत नाही, असं त्या मुलाला म्हणाल्या होत्या.

कारभारी दात कोरत बाहेर आला. "झालं का रे? पक्कं बसव. वरातीत हललं नाय पायजे."

"थांब जरा. ते बघतायत," आवडाबाई म्हणाल्या.

"ते! खोगीरवाल्याला अहो-जाहो? उपासानं डोकं फिरलं वाटतं तुझं."

सांडू हसला नाही. त्यानं खोगीर उलटं करून आतला लाकडी साचा दाखवला. "साचा अरुंद, घोडी रुंद. दोन्हीकडून चिमटा बसतो, मालक. आत लोकर भरली तर अजून आवळंल. महिनाभर पाठ मोकळी ठेवा, वरातीला दुसरी घोडी बघा. हे हिच्या मापाचं नाय."

"मग हिला मापात आणू की!"

कारभारीनं हसत जखमेवर अंगठा दाबला. घोडी थरथरली, मागच्या पायांत वाकली. अंगठ्यावर आलेला पू त्यानं तिच्याच आयाळीला पुसला.

"चार दिस नखरे करती, मग गप होती. घोडी काय अन् बाई काय, तंगाचा पट्टा आवळला की सरळ."

"मुकं जनावर हाय रे, कारभारी."

"तू गप. माळ ओढ तुझी."

आवडाबाईंनी मान खाली घातली. नवरा होता तोवर घालायच्या, तशीच. त्या अंगठ्याकडं बघवेना. हाच अंगठा चोखत तो त्यांच्या मांडीवर झोपायचा.

"चार दिसांत तयार ठेव," असं सांडूला बजावून कारभारी शहराकडं निघून गेला.

सांडूनं कडुलिंबाच्या पाण्यानं जखमा धुतल्या, हळद भरली. घोडीनं मान त्याच्या खांद्यावर टेकवली. मग आवडाबाई तांब्यानं त्याच्या हातांवर पाणी ओतू लागल्या. राख लावून त्यानं तीनदा हात धुतले.

"वास जाईना, ताई."

"जायचा नाय." त्यांनी तांब्या खाली ठेवला, जपाची माळ उचलली. आवाज नेहमीसारखाच हळू होता. "सगळं पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"मग आजच गंगापूर गाठा, सांडूमामा. तुमच्या बहिणीला म्हणावं, पोरीची हळद फोडू नका. नवऱ्या मुलाची आईच सांगती म्हणावं."