एकट्या मुलीचा ताबा

काचेपलीकडचा माणूस बघून आठ वर्षांची गिरिजा दचकली आणि तिच्या मनगटावरचा पट्टा लाल झाला. दार उघडलंच नाही.

एकटं आलेलं मूल कुणाच्या ताब्यात देताना विमान कंपनी आता चेहरा बघत नसे, ओळखपत्रही नाही. दोन्ही खोटी करता येतात. न्यायला आलेल्याला पाहून मूल घाबरलं, असं पट्ट्याच्या यंत्राने सांगितलं, तर मूल द्यायचं नाही, एवढाच नियम.

"गिरू, अगं मी बाबा!" दिगंबर ओरडला. त्याची आई वारली होती. कालच, दहाव्याला, त्याने डोक्यावरचे केस आणि मिशी उतरवली होती. आजीच्या तेराव्यासाठी गिरिजा बंगळुरूहून, तिच्या आईकडून एकटी आली होती. पण हे यंत्राला कोण सांगणार?

गिरिजाने आवाज ओळखला. "बाबाच आहेत हो ते! सोडा ना मला!" पण आता तिला त्या बंद दाराचीच भीती वाटत होती. पट्टा लालच.

"शांत हो बाळा," कर्मचारी बाई म्हणाली. "नाहीतर बालगृहात पाठवावं लागेल तुला."

हे ऐकून कुठलं मूल शांत होईल?

"अक्कल आहे का बाई? पोरीला धमकावता?" दिगंबरने काचेवर थाप मारली. गिरिजा थरथरली. ते बघून त्याने हात मागे घेतला. आपण समोर नसलो तर पोर सावरेल, म्हणून तो मुकाट्याने खांबाआड गेला.

गिरिजाने डोळे मिटून मोठा श्वास घेतला. पट्टा हिरवा झाला.

माणूस दूर गेला आणि मूल शांत झालं, एवढंच यंत्राला कळलं. मग दार उघडलं. मागचं, बालगृहाच्या गाडीकडे जाणारं.