काळा धूर

"काका, धूर येऊ द्या! चांगला काळा!" मोबाइल सरसावून पर्यटक ओरडले, तसा सखाहरीने एकदम चार फावडी कोळसा भट्टीत ओतला. सहलीच्या या छोट्या वाफेच्या गाडीवर दिवसातून चार वेळा हेच. उमेदीची सगळी वर्षं फायरमनकीत, इंजिनाची आग राखण्यात घालवलेल्या माणसाला आता याचा शीण यायला लागला होता.

टेकडीवर इंजिन पाणी घ्यायला थांबलं. गाडीतून उतरलेली एक म्हातारी तिथल्या नळावर धुराने काजळलेला आपला रुमाल धूत होती.

"आमचे हे ड्रायव्हर होते," ती सखाहरीला म्हणाली. "असा धूर दिसला, की फायरमनच्या हातातलं फावडंच काढून घ्यायचे. म्हणायचे, याला आग राखता येत नाही."

याच चुकीसाठी सखाहरीच्याही कानाखाली उस्तादाने कधीकाळी वाजवली होती. लोकांना हाच धूर हवा असतो, हे सांगायला त्याची जीभ रेटेना.

परतीला त्याने जुन्या सवयीने थोडा थोडा कोळसा आगीवर पसरला. धुराड्यातून नुसती पांढरी वाफ निघाली. "यासाठी आलो का एवढ्या लांब?" डब्यातून ओरड झाली. फलाटावर मॅनेजर कावला, "उद्यापासून दुसरा माणूस बघतो." सखाहरीने फावडं जागेवर ठेवलं.

लोक पांगले. म्हातारी तेवढी इंजिनापाशी आली. वाटभर खिडकीबाहेर धरून वाळवलेला रुमाल तिने त्याच्यासमोर उलगडला. काजळीचा एक ठिपका नव्हता.

"खूप वर्षांनी ह्यांच्या गाडीत बसले, भाऊ," ती म्हणाली.