तोंड पाहून माती

“हुतात्मे कधीच मरत नाहीत!” भुईगावात लुसीबाईंच्या अंगणात कर्नल गरजला. “मग शवपेटी कुणाची आणलीत, साहेब?” लुसीबाईंनी विचारलं. पेटी त्यांच्या मुलाची, केल्विनची होती. लढाईत याच कर्नलने नि:शस्त्र गावकऱ्यांना ओळीत उभं करून मारलं, ते पाहणारा जवान एकटा केल्विन. त्यानंतर तो नाहीसा झाला, आणि तो मेल्याचंही कर्नलनेच कळवलं होतं. “पेटी उघडायची नाही. वरून हुकूम आहे.” “आमच्यात तोंड पाहिल्याशिवाय माती देत नाहीत, साहेब. देवाचा हुकूम त्याहून वरचा.” कर्नलच्या शिपायांनी बंदुका रोखल्या. लुसीबाईंनी नारळ सोलायचा कोयता फटीत घालून झाकण उचकटलं. आत वाळूच्या गोण्या होत्या. पेटीवर वाकलेला कर्नल पांढराफटक पडला. तेवढ्यात अंगणातल्या माडाच्या शेंड्यावरून केल्विनचा आवाज आला, “कर्नलसाहेब, मोबाइलवर लाइव्ह चालू आहे, सगळी वसई बघतेय. जरा टोपी काढता का? वाळू दिसत नाहीये.”