निळा रेशमी टाय

हेरिबर्टने आरशासमोर निळा रेशमी टाय बांधायला घेतला आणि मागे चादरींच्या घड्या घालणाऱ्या इर्मगार्डचे हात थांबले.

आज कार्निव्हलमधला बायकांचा गुरुवार. आज बायका कात्र्या घेऊन फिरतात आणि समोर येईल त्या पुरुषाचा टाय कापतात, हे कोलोनमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कापून झालं की गालावर एक पापा द्यायचा, म्हणजे भांडण नाही. म्हणून शहाणा माणूस या दिवशी अंड्याचा डाग पडलेला, शिवण उसवलेला, असलाच कुठलातरी टाय हुडकून काढतो. आणि हा बाबा रेशमी बांधत होता! तोही लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तिनेच दिलेला.

"अरे, आज हा घालतोस?"

"दुसरा सापडेना," तो आरशातच बघत म्हणाला.

"तो तपकिरी कुठे गेला?"

"तो गेल्या वर्षी मार्लिसने कापला नाही का!"

मार्लिस म्हणजे कोपऱ्यावरची फुलवाली. नवरा गेल्यापासून, इर्मगार्डच्या मते, ती जरा जास्तच टवटवीत दिसायला लागली होती. हल्ली हेरिबर्ट दर शनिवारी तिच्याकडून ट्युलिप आणायचा. त्याआधी इतक्या वर्षांच्या संसारात घरात फुलकोबी सोडून फूल म्हणून आलं नव्हतं.

"जा, मजा कर," इर्मगार्ड म्हणाली. दार लागलं आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

एरवी या दिवशी ती खिडक्या घट्ट लावून घरात बसायची. तो ढोलांचा गोंगाट तिला सोसायचाच नाही. आज मात्र तिने माळ्यावरून लेकीचा जुना विदूषकाचा पोशाख खाली काढला. नारिंगी केसांचा टोप चढवला, लाल नाक लावलं आणि कापड बेतायची मोठी कात्री खिशात टाकली.

फुलांच्या दुकानासमोरच्या बिअर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो एकमेकांच्या गळ्यात हात टाकून "आलाफ! आलाफ!" असा कार्निव्हलचा जयजयकार करत होता. वेटर रोजच्यासारखाच तोंड वाकडं करून गर्दीतून फिरत होता. रिकामा ग्लास दिसला की न विचारता भरलेला आणून ठेवत होता. बास झालं असेल तर ग्लासवर पुठ्ठ्याची चकती ठेवायची, नाहीतर तो काही थांबत नाही.

हेरिबर्ट खांबाजवळच्या उंच टेबलाशी उभा होता. भोवतालच्या सगळ्या पुरुषांच्या गळ्यात वीतभर थोटकं लोंबत होती, याचा मात्र अख्खा. एक परिचारिका झालेली बाई कात्री नाचवत आली, त्याने टायवर हात ठेवला. एक चेटकीण आली, तिच्याकडे त्याने पाठ केली. आणि पलीकडे मार्लिस बाकावर चढून गात होती, खाटकाचा टाय कापत होती. हेरिबर्टची नजर तिच्यावरून हलत नव्हती. असं त्याने आपल्याकडे शेवटचं कधी बघितलं होतं, ते इर्मगार्डला आठवेना.

ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि कात्री उचलली.

"नाही हं बाई, हा राखीव आहे!" हेरिबर्ट हसत मागे सरला.

"बायकोसाठी वाटतं?" तिने आवाज घोगरा केला.

"बायको कसली येतेय! ती बसलीय घरी, खिडक्या लावून."

इर्मगार्डने लाल नाक काढलं.

"इर्मगार्ड? अगं, तू इथे?"

तिने त्याचा हात बाजूला केला आणि टाय गाठीच्या अगदी खाली कापला. मग रीत म्हणून त्याच्या गालावर ओठ टेकवले.

"एवढा वर कापतात होय?" तो गाठ चाचपत कुरकुरला. "काही ठेवलंच नाहीस."

"नाहीच ठेवायचं होतं."

तेवढ्यात मार्लिस धापा टाकत येऊन पोचली. तिच्या टोपीवर कापलेल्या टायांची नुसती झालर लागली होती. "अरे देवा! हेरिबर्ट, तुझा मी मुद्दाम शेवटाला ठेवला होता रे! आता काय कापू?" मग तिने इर्मगार्डकडे पाहिलं आणि तिचा दंड प्रेमाने दाबला. "तू आलीस? बरं केलंस बाई! दरवर्षी येत जा."

"आता येणारच आहे," इर्मगार्ड म्हणाली. रेशमाचा तुकडा तिने मुठीत आवळून धरला होता.

"मग तुझा पुढच्या वर्षी, हेरिबर्ट!" मार्लिस म्हणाली आणि काही न कापताच त्याच्या दुसऱ्या गालावर पापा देऊन पुन्हा गर्दीत घुसली.

हेरिबर्ट कानापर्यंत लाल झाला. गाठ सोडून त्याचा हात त्या गालावर गेला आणि तिथेच राहिला.

"झालं ना? चल घरी," इर्मगार्ड म्हणाली. त्याने ग्लास रिकामा करून खाली ठेवताच तिने चकती उचलली आणि त्यावर ठेवली. तळव्याने जराशी दाबलीसुद्धा.

"हो, हो, निघूच," हेरिबर्ट म्हणाला. बाकावर मार्लिसने नवं गाणं सुरू केलं होतं. तिकडे बघता बघता त्याने दोन बोटांनी चकती काढून बाजूला ठेवली.

वेटरने भरलेला ग्लास आणून ठेवला.